वाटेवरचं पेट्रोल

एकदा एका निवृत्त पशुवैद्यांच्या मनात आलं, की आपल्या जुन्या मोटारसायकलवरून अखेरची एक फेरी मारावी. भूपाल मगदूम त्यांचं नाव, वय ब्याऐंशी. जत तालुक्याच्या कोरड्या माळावर तीस वर्षं याच गाडीवरून हिंडून त्यांनी गुरांना औषधपाणी केलं होतं. गाडी विलायती, वयाने जवळजवळ त्यांच्याएवढीच. अठरा वर्षं पडवीत उभी असलेली ती गाडी त्यांनी मिरजेला दस्तगीर मिस्त्रींच्या स्वाधीन केली.

दस्तगीर मिस्त्रींची एक रीत होती. मोडलेल्या भागाला ते कधी दोष देत नसत. "ह्यानं किती वर्षं काढली?" असं आधी विचारीत, आणि मगच तो भाग बाजूला ठेवीत. त्यांच्या हाताखाली विदुला नावाची एक अभियंता काम शिकत होती. कारखान्यातली चांगली नोकरी सोडून ती दोन वर्षांपूर्वी इथे आली, तेव्हा घरचे लोक हसले होते.

चार महिन्यांत इंजिन उभं राहिलं. प्रश्न उरला पेट्रोलचा. आजच्या पेट्रोलमध्ये उसाच्या मळीपासून केलेलं इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला, कॉर्कच्या बुचाला ते सोसत नाही, हे विदुलाला ठाऊक होतं. म्हणून ती पुण्याला गेली आणि इथेनॉल नसलेलं शुद्ध, महागडं पेट्रोल शोधून वीस लिटरचा डबा भरून घेऊन आली. त्या पेट्रोलवर गाडी अशी चालली, की डॉक्टर टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "मिस्त्री, म्हातारी तरणी झाली की ओ!"

तीन आठवड्यांनी निघायचं ठरलं. गाडी विदुलाने चालवायची, डॉक्टर मागे बसणार.

डॉक्टर घरी गेले, आणि दस्तगीर मिस्त्रींनी टाकीची तोटी उघडली. ते सगळं महागडं पेट्रोल त्यांनी भाग धुण्याच्या परातीत सोडून दिलं.

"चाचा, काय करताय हे?"

"कोपऱ्यावरच्या पंपावरनं साधं पेट्रोल आण, बेटी. टाकी भर."

"अहो, पण हिला ते विष आहे!"

"असू दे. आण."

विदुलाने ऐकलं, पण गुरूचा शब्द मोडू नये एवढ्यासाठीच. मनातून ती धुमसत होती. पहिले काही दिवस गाडी रोज फिरली, काही बिघडलं नाही. दहाव्या दिवशी मात्र रबराची नळी फुगून लिबलिबीत झाली. कार्बोरेटरमध्ये तरंगत पेट्रोल अडवणाऱ्या बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा लेप विरघळला, फ्लोट पेट्रोल पिऊन बुडाला आणि पेट्रोल थेंबथेंब जमिनीवर गळू लागलं. विदुलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"डॉक्टरांना आता कोणत्या तोंडानं सांगू मी?"

दस्तगीर मिस्त्री मात्र निकामी झालेले दोन्ही भाग एका फडक्यावर मांडत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"ह्यांनी खूप वर्षं काढली," ते म्हणाले. "बेटी, तुझं पेट्रोल उत्तमच होतं. गाडी दिवाणखान्यात ठेवायची असती, तर मीही तेच घातलं असतं. पण डॉक्टरांना माळावर जायचंय. तुझा डबा संपला, की तिथं काय घालणार? वाटेवर जे मिळेल तेच. मग ते हिला कुठं सोसत नाही, हे भर उन्हात, म्हातारा माणूस मागे बसलेला असताना कळावं, की इथं आपल्या दारात? आणि बघ तरी. सिलिंडर तसाच आहे, पिस्टन तसाच आहे. लोखंडाचं काही बिघडलं नाही. हरलं ते एवढंसं रबर आणि एवढंसं बूच. तेवढं बदललं, की म्हातारी आजच्या जगात हिंडायला मोकळी. सगळं जग तिच्याजोगं करायला आपण कुठं पुरे पडणार?"

त्याच संध्याकाळी विदुलाने इथेनॉल सोसणारी नवी नळी बसवली. आजचं पेट्रोल सोसणारा फ्लोट या गाडीसाठी कुठेच मिळेना, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या दस्तगीर मिस्त्रींनी पितळी पत्रा कापला आणि कथलाचा डाख देऊन पोकळ फ्लोट बनवला. पाण्यात धरताच तो गळला. दुसराही गळला, तिसराही. चौथ्याला बुडबुडा आला नाही. शेजारी बसून तिने ते सगळं पाहिलं, आणि आपला राग कधी ओसरला हे तिचं तिलाच कळलं नाही.

ठरल्या दिवशी डॉक्टर आणि विदुला दोघं निघाली. गावोगाव जुनी माणसं डॉक्टरांना ओळखून चहाला थांबवत होती. तिसऱ्या दिवशी एका धनगराने लंगडा बैल दाखवायला म्हणून त्यांना आडवाटेच्या वस्तीवर नेलं. परत निघताना पाहिलं, तर पेट्रोल संपलेलं. पंप तीस किलोमीटरवर. वस्तीवरच्या किराणा दुकानात बाटल्यांतून पेट्रोल मिळत होतं. कुठलं, कधी आणलेलं, कोण जाणे. विदुलाने ते फडक्यातून गाळून टाकीत ओतलं, श्वास रोखून किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तिने वाकून नळी चाचपली. कोरडी होती.

"काय झालं ओ बाई?" मागे बसत डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, डॉक्टर. नीट धरून बसा."

आता दस्तगीर मिस्त्री कामाला येत नाहीत. त्यांचं दुरुस्तीचं दुकान विदुला सांभाळते. कुणी जुनी गाडी आणून कोणतं पेट्रोल घालू असं विचारलं, की ती आधी विचारते, "तुम्हाला जायचंय कुठं?"