तीन गल्ल्यांचा आवाज

वस्तू माणसांदेखत गप्प राहायला शिकल्या, त्याआधीची ही गोष्ट. दिघे मास्तरांच्या पुस्तकांच्या फळीवर दोन छोट्या स्पीकर-बहिणी राहत, डावी आणि उजवी. त्यांना गायचं तर अ‍ॅम्प्लिफायर हवा होता, म्हणून दोघी दुकानात गेल्या.

डावीला मांडवात वाजलेला एक धिप्पाड अ‍ॅम्प्लिफायर भलताच आवडला. "तीन गल्ल्या दणाणून सोडतो मी!" तो म्हणाला.

शेजारी जेवणाच्या डब्याएवढा, अगदी स्वस्तातला एक अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याने एवढंच विचारलं, "ताई, ऐकणार कोण?"

"एकटे मास्तर. समोरच्याच खुर्चीत," उजवी म्हणाली.

"तू गप्प बस गं!" म्हणत डावीने मांडववाल्यालाच घरी आणलं.

मास्तरांनी बटण पहिल्या आकड्यावर नेलं मात्र, त्याने सवयीने "हॅलो, चेक!" ठोकलं. फळीवरचा शब्दकोश धाडकन खाली आला. मास्तरांनी घाबरून बटण शून्यावर आणलं, तरी हा आपला घुरघुरतोच आहे, "तीन गल्ल्या... तीन गल्ल्या..."

डावी मुकाट्याने जाऊन छोट्याला घेऊन आली. बटण निम्म्यावर आलं आणि खोलीभर गाणं पसरलं. शेजारून आणखी एक सूर ऐकू आला, तशी डावी गाता गाता थबकली.

"अगं," ती उजवीला म्हणाली, "तूसुद्धा गातेस?"