सरदार चौकटीत

तुळजाक्काची झेंडूची चौरस बाग सरदार भुजंगरावांना तबेल्यासाठी हवी होती. बदल्यात त्यांनी ओढ्याकाठची तिरकी पट्टी देऊ केली. त्या राज्यात जमीन मोजायची ती कुंपणाला दोरी लावून. आक्काने महाराजांच्या दरबारात तक्रार नेली.

“महाराज, दोन्हींच्या चारही बाजू सारख्या! दोरी तेवढीच लागली. मग बाईची तक्रार कसली?” सरदारांनी मिशीला पीळ दिला.

महाराजांनी मान डोलावली. बाग आता जाणार! आक्काची नजर दरबारातल्या चौकोनी फरश्यांवर गेली. तिने चार सारख्या काठ्या मागवल्या, टोकं सैलसर बांधली आणि चौकट खाली ठेवली. आत सोळा फरश्या मावल्या. समोरासमोरचे दोन कोपरे ओढताच जेमतेम आठ फरश्यांची जागा उरली.

“फरश्या कसल्या मोजतेस? काठ्या त्याच आहेत ना!” सरदार गरजले.

“मग सरकार, जरा आत उभे राहा.”

सरदार ऐटीत उभे राहिले. आक्काने चौकट त्यांच्या पोटापर्यंत उचलली आणि कोपरे ओढले.

“अगं, चेपतेस काय! जागाच उरली नाही!”

“असं कसं, सरकार? काठ्या त्याच आहेत ना!”

दरबार खदखदून हसला. महाराज डोळे पुसत म्हणाले, “बाग आक्काचीच राहील. आक्का, सोड आता त्यांना!”