कुत्र्यांपुढे कोणाला टाकू?

साल सोळाशे एकोणपन्नास. इंग्रजांच्या प्रोटेस्टंट फौजेनं आयर्लंडमधलं एक कॅथलिक गाव जाळून जिंकलं. वेशीपाशी दोन्हीकडची प्रेतं एकत्र पडली होती. लुटारूंनी त्यांच्या अंगावर चिंधीही ठेवली नव्हती.

इंग्रजांच्या कप्तान थॉर्नबीनं गावात कबरी खणणाऱ्या फिनोला या बाईला फर्मावलं, "आमच्या माणसांना नीट पूर. तुमच्या पाखंड्यांना कुत्र्यांपुढे टाक."

"ओळखू कसे, साहेब?"

"देव आपली माणसं बरोबर ओळखतो!"

"देव ओळखेल हो, पण टाकणार मी आहे. माझी चूक झाली, तर तुमचेच शिपाई कुत्र्यांच्या तोंडी जातील."

कप्तानानं प्रेतांवरून नजर फिरवली; त्यालाही फरक कळेना. मग म्हणाला, "सगळ्यांनाच नीट पूर."

फिनोलानं खणायला घेतलं. आपल्या मुलाला तिनं पहिल्या नजरेतच ओळखलं होतं.