रेघेपुढचे वर्ष

हे नारायणा, सर्व नावे अखेर तुझीच. म्हणून प्रथम तुला वंदन. वाणी दे, आणि गरजेहून अधिक बोलू देऊ नकोस.

"म्हणजे ते वर्ष तू अजून लिहिलंच नाहीस?" अच्युतबुवांनी विचारले.

"नाही. लिहिणारही नाही."

बुवा मठाच्या ओसरीवर पूजेसाठी गंध उगाळत होते. समोर त्यांची शिष्या सुलक्षणा बसली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती तालिकाकार; आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद तिच्या हातून होई. त्या नोंदीत लेखकाच्या नावापुढे जन्मवर्ष लिहितात, मग एक आडवी रेघ. लेखक हयात असेतो रेघेपुढची जागा मोकळी राहते. तो गेला, की तालिकाकाराने तेथे मृत्यूचे वर्ष लिहायचे.

दिगंबर वझलवार वारले, त्याला काही महिने लोटले होते. सुलक्षणेला हे काम शिकवणारे तेच. त्यांच्या एकुलत्या एका पुस्तकाच्या नोंदीत तिने ती जागा तशीच ठेवली होती.

"सरांना संस्कृत, पाली, फारसी येत होती, बुवा. ग्रंथालयशास्त्रातली मोठी पदवी होती. आजचे प्राध्यापक त्यांच्या टेबलाशी बसून प्रबंध लिहून गेले. आणि विद्यापीठाच्या दफ्तरी ते कोण? शिक्षकेतर कर्मचारी! शोकसभासुद्धा झाली नाही. ती म्हणे शिक्षकांसाठीच असते."

"वाईट झालं."

"मी अर्ज केला. सरांची गणना शिक्षकांत करा म्हटलं. उत्तर आलं, तालिकाकाराच्या पदाला ती अर्हता नाही. मग मीही ठरवलं. हे लोक सरांना शिक्षक म्हणेपर्यंत माझ्या तालिकेत सर मरणार नाहीत."

बुवांनी सहाणेवर पाण्याचा थेंब सोडला.

"आता तुम्ही म्हणाल, पदात काय आहे!"

"छे गं. मला कोणी 'बुवा' न म्हणता नुसतं 'अहो' म्हटलं, तर मी दिवसभर घुम्यासारखा बसतो."

तिला हसू आले नाही.

"भांड तू," बुवा म्हणाले. "तुझ्यामागून येणाऱ्या मुलींसाठी तरी भांड. पण वर्ष का अडवलंस?"

"तेवढंच माझ्या हातात आहे."

गंध उगाळणारा हात थांबला...

"कुलगुरूंनी पुस्तक लिहिलं, तर त्यांच्या नोंदीत 'कुलगुरू' लिहितेस?"

"नाही. हुद्दे, पदव्या सगळं गाळायचं. फक्त नाव ठेवायचं."

"हे कोणी शिकवलं?"

"सरांनीच."

तिचा आवाज खाली आला. पण लगेच तिने मान वर केली. "म्हणून त्यांचा अपमान गिळू का?"

"गिळू नकोस... वझलवारांच्या घरी कोण असतं?"

"काकू, सरांच्या पत्नी. एकट्याच." ती अडखळली. "त्या... ग्रंथालयात येतात."

"कशाला?"

"सरांची नोंद बघायला. संगणकासमोर बसतात. त्या रेघेचा अर्थ त्यांना ठाऊक आहे. सरांनीच कधीतरी सांगितला असेल. परवा मला म्हणाल्या, 'सुलू, अजून काही लिहिलं नाहीस ना गं? मग बसते थोडी.'"

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. पंखा लावून दिला."

सहाणेवरचे गंध वाळत चालले...

सुलक्षणेने पदर डोळ्यांना लावला. "मी लिहिलं, तर त्या यायच्या थांबतील, बुवा. नाही लिहिलं, तर तशाच बसून राहतील. कसं लिहू मी?"

बुवांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला.

"वर्ष काकूंना विचार. तुला ठाऊक असलं, तरी विचार. त्यांच्या तोंडून आलं, की लिही."

ज्या घरातले माणूस गेले त्या घरी, आणि हे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी, नारायण वस्तीला येवो. सर्वांचे कल्याण असो.