न चाळलेली राख

"आणि पावसाळ्यात फरशीवर शेवाळं धरलं तर?"

"लोक चुना भुरभुरवतात," रेवत भन्ते म्हणाले. "रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी खराट्यानं घासतात."

"गोगलगायी?"

"लोक ओलं पोतं पसरून ठेवतात. सकाळी सगळ्या त्याच्याखाली जमलेल्या असतात. मग नेऊन सोडतात."

"कुठे?"

"लांब."

"त्या शेजारच्या सोनटक्केच्या वावरात!" झेंडूच्या वाफ्यातून माझ्या सासूबाई ओरडल्या.

भन्ते पिंपळाकडे बघत राहिले. त्यांना ते ऐकू आलं नव्हतं, असं आपण धरायचं.

गावाबाहेरचा हा विहार लहानसा, पण त्याचं अंगण गावात सगळ्यात हिरवं. सासूबाई, नाव पंचफुलाबाई, दर शनिवारी इथे निंदायला येतात. त्या दिवशी मीही आले होते. मेत्ता, माझी दहा महिन्यांची मुलगी, कडेवर.

सोमवारी माझी रजा संपत होती. शाळेत रुजू व्हायचं आणि मेत्ताला दिवसभर सासूबाईंकडे ठेवायचं, नाहीतर नोकरी सोडायची. सोड, असं घरात कुणीच म्हणालं नव्हतं. ते मीच म्हणत होते, मनातल्या मनात, रोज. संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांना फोन करून काय ते सांगायचं होतं.

त्याआधी म्हटलं, निदान घरचं अंगण तरी नीट करून ठेवावं. बाराही महिन्यांचं.

"थंडीत जास्वंदीवर मावा पडतो, त्याला?"

मी विज्ञान शिकवते. मावा फळ्यावर छान काढते, सहाही पायांसकट. घरच्या जास्वंदीवर तो आला, की मी आधी पोरीला घेऊन घरात पळते.

"लोक चुलीची राख टाकतात. सकाळी, पानांवर दव असताना."

"किती?"

"लोक आपापल्या अंदाजानं टाकतात."

मला राग आला. पोरगी नीट झोपू देत नसली की मला लवकर येतो.

"भन्तेजी, लोकांचं राहू द्या. तुम्ही काय करता?"

"मी...?" ते जरा विचारात पडले. "मी काही करत नाही."

"काहीच नाही?"

"भिक्खूला जमीन खणता येत नाही. पान तोडता येत नाही. तसा नियमच आहे."

"पण सांगत तर असाल?"

"'तोडा', असंही म्हणता येत नाही."

"मग काय म्हणता?"

"'इकडे बघा', म्हणतो."

"आणि लोक बघतात?"

"कधी बघतात. कधी बघून घरी जातात."

मी पुन्हा नीट अंगण बघितलं. खरंच, एका हाताचं काम नव्हतं ते. झेंडूची ओळ सुरुवातीला सरळ होती, मग कुणीतरी ती उजवीकडे नेली होती. पायरीवर चुन्याचे शिंतोडे. आणि पिंपळाच्या कट्ट्याजवळची ती अबोली! राखेनं पार करडी झालेली. पानांवर कोळशाचे खडे.

"हे काय?" मी म्हणाले. "भन्तेजी, हे चुकलंय. राख अशी ओततात का? झाड गुदमरेल. आधी चाळून तरी घ्यायची."

भन्ते अबोलीकडे बघू लागले.

"कुणी केलं हे?"

"म्या केलं," झेंडूतून आवाज आला.

"चाळूनच टाकणार होते," सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "पण चाळणी तं तू कपाटात ठेवली ना कुलपात! पोरीच्या नाचणीची म्हणून!"

ते खरं होतं. चाळणी कपाटात होती. किल्ली या क्षणी माझ्या पर्समध्ये होती.

मी मेत्ताला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तिला काहीच गरज नव्हती.

"तुम्ही यांना सांगितलं नाहीत?" मी हळूच भन्तेंना विचारलं. "राख फार झाली म्हणून?"

"ते अबोलीनंच सांगितलं असतं," ते म्हणाले. "तिला घाई नव्हती."

मग ते पुढे चालू लागले. मी मागोमाग. कुंपणाजवळ चाफ्याचं एक रोप होतं, माझ्या कमरेएवढं. कुठल्याशा रानवेलीनं त्याला खालून वरपर्यंत आवळलं होतं.

भन्ते थांबले. हात चिवरात.

"इकडे बघा," ते म्हणाले.

बघून घरी जाणाऱ्यांतली मी नव्हते. मी एका हातानं वेल ओढली. ती सुटेना. जोर लावला, तसं चाफ्याचं पानच तुटलं. पांढरा चीक माझ्या बोटांवर ओघळला. मेत्तानं तो बघितला आणि दोन्ही हात पुढे केले.

"नाही, नाही! डोळ्यात जाईल!"

मी हात लांब धरला. ती हातावर झेपावली. मी आणखी लांब धरला. ती कडेवरून निसटू लागली.

"भन्तेजी, जरा हिला..."

"मला घेता येत नाही," ते म्हणाले. भिक्खूनं स्त्रीला शिवायचं नाही; दहा महिन्यांची असली, तरी नाही. ते जागचे हलले नाहीत. पण डोळे त्यांनी माझ्यावरून काढून वाफ्याकडे वळवले.

सासूबाई येऊन उभ्याच होत्या. कोपरापर्यंत माती. दोन्ही तळवे त्यांनी लुगड्याला पुसले, पुढून आणि मागून.

"दे."

"आई, तुमचे हात..."

"आहेत तसे आहेत. दे."

मी देण्याआधीच मेत्ता गेली होती. तिच्या फ्रॉकवर पाच बोटं उमटली.

मी दोन्ही हातांनी वेल सोडवू लागले. ती ओढून सुटणारी नव्हतीच. जशी चढली होती तशीच, एकेक वेढा उलटा फिरवत उतरवावी लागत होती. मागून रडण्याचा आवाज येईल म्हणून माझे कान तिकडे लागलेले.

आवाज आला नाही. ते जास्त अवघड होतं.

शेवटचा वेढा सुटला तेव्हा मी वळले. सासूबाई त्या गोगलगायींच्या पोत्यावर बसल्या होत्या, मांडीत मेत्ता. अबोलीच्या एकेका पानावरची राख त्या फुंकत होत्या.

"फूऽऽ."

मेत्ता त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि गाल फुगवायची. तिच्या फुंकरीनं राख उडत नव्हती, नुसती लाळ उडत होती. नाकाच्या शेंड्यावर राखेचा टिळा.

"दुसरं पान कर आता," सासूबाई तिला म्हणाल्या. "तुह्या मायनं चूक काढली ना आपली."

मी नळाखाली हात चोळचोळून धुतले. चीक लवकर जात नाही. हात वाळले तरी मी तिथेच उभी होते.

"भन्तेजी, उन्हाळ्यात कुंड्या तापतात..."

"लोक सावलीत सरकवतात."

"कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचतं. डास होतात."

"लोक रेती भरतात."

"लाल मुंग्या?"

"लोक हळद टाकतात."

पोत्यावरून "फूऽऽ" ऐकू आलं. यावेळी आवाज बारीक होता.

"आणि सोमवारी..." मी म्हणाले. "सोमवारी मी गेल्यावर ती रडली तर?"

इतका वेळ अंगणाकडे बघत बोलणाऱ्या भन्तेंनी माझ्याकडे बघितलं.

"लोक उचलून घेतात."