पिंपाखालचा कोंबडा

कोंबडे आणि कासवं एकमेकांशी गप्पा मारत, त्या काळी जपानात सूर्यदेवीचं एक शिंतो देऊळ होतं. देवळात देवीचं रूप मानलेला आरसा होता, त्याला येणारे-जाणारे वाकून नमस्कार करत. अंगणातल्या आकामारू कोंबड्याला मात्र नुसते चार तांदूळ मिळत.

"सूर्यदेवी रुसून गुहेत बसली, जगात अंधार झाला, तेव्हा माझ्या पणजोबांनीच बांग देऊन तिला बाहेर काढलं. आणि मान आरशाला?" असं म्हणत ऐन उत्सवाच्या पहाटे आकामारू फुरंगटला आणि दगडावर कललेल्या पालथ्या पिंपाखाली घुसला. "देत नाही बांग! बसा अंधारात!"

अंगणातली खारूताई रडकुंडीला आली, कारण त्याच्या बांगेशिवाय मिरवणूक निघत नसे. तिनं विनवण्या केल्या, तांदळाची लालूच दाखवली. आकामारू ढिम्म हलेना.

मग तळ्यातली कासवआजी डुलत डुलत आली, पिंपाकडे बघून खदखदून हसली. खारूताईनं पाहिलं आणि तीही पोट धरून लोळायला लागली.

आकामारूला आत राहवेना. मान बाहेर काढून, मग सगळाच बाहेर येऊन त्यानं विचारलं, "एवढं काय झालं दात काढायला?"

"अरे, तू लपलास खरा, पण शेपटी सगळी बाहेर!" कासवआजी म्हणाली.

आकामारूलाही हसू फुटलं. "आजी, सूर्यदेवी पणजोबांच्या बांगेनंच बाहेर आली ना?"

"छे रे! ते बिचारे घसा बसेपर्यंत ओरडले. शेवटी सगळे देव हसायला लागले, तेव्हा कुठे तिनं डोकावून पाहिलं. तुझ्यासारखंच!"

आकामारूनं लाजत लाजत बांग दिली. सूर्यदेवी केव्हाचीच डोंगरावर येऊन ही गंमत बघत होती.