वीस कुलपं आणि एकच बंदूक

“महिना झाला, गोंदाजी! वीस कुलपं, आणि एकही खपलं नाही?”

आंबेरगडचे राजे चंद्रहास गरजले. गोंदाजी लोहार मान खाली घालून उभा राहिला.

आंबेरगडच्या दरबारात बंदुका चुकून उडत. इतक्या उडत, की छताची चाळण झाली होती आणि पावसाळ्यात दरबार छत्र्या उघडून भरे. म्हणून गोंदाजीनं एक कुलूप घडवलं. ते बंदुकीच्या चापावर बसवायचं. मालकाच्या बोटातली अंगठी त्याच्या खाचेत बसली तरच चाप हलणार, नाहीतर कुणी कितीही ओढा! राजे खूश झाले. त्यांनी कोठारातलं लोखंड देऊन वीस सरदारांसाठी वीस कुलपं करवून घेतली. “सरदार उड्या टाकतील, सरकार!” असं गोंदाजी तेव्हा बोलून बसला होता.

एकानंही उडी टाकली नाही. प्रत्येकाचं म्हणणं एकच. कुलूप झकास आहे हो, पण मला कशाला?

“सरकार, हुकूमच काढा ना,” गोंदाजी पुटपुटला.

“म्हणजे राजानं आमचे हात बांधले म्हणून बोंबलायला ते मोकळे! नाही. स्वखुशीनं घेतली पाहिजेत. खंडेनवमीला आठ दिवस आहेत. वीसच्या वीस खपली नाहीत, तर भाता उचलायचा आणि वेशीबाहेर व्हायचं!”

गोंदाजी घरी येऊन रडला. चाळीस वर्षं त्या ऐरणीवर घण घातला होता बिचाऱ्यानं. त्याची सून भिवरा भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, “मामंजी, काय सांगून विकत होतात?”

“हेच, की तुमच्या हातून बंदूक चुकून उडेल म्हणून.”

“म्हणजे सरदाराच्या दारात जाऊन त्याला वेंधळा म्हणालात!”

“छे छे! तसं नाही…” गोंदाजीनं जरा विचार केला. “हो. तसंच.”

दुसऱ्या दिवशी कुलपांची टोपली घेऊन भिवरा सरदार हैबतरावांच्या दारात उभी राहिली.

“नको म्हटलं ना एकदा!” हैबतराव खेकसले. “माझ्या बंदुकीला कुलूप?”

“तुमच्या नाही हो, सरदार! तुमचा हात कसा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणाच्या बंदुकीची भीती वाटत असेल, तर तिला बसवून देते. दसऱ्याची भेट म्हणून. तुमचं नाव फुटणार नाही.”

हैबतरावांनी हुक्का भरणाऱ्याला बाहेर घालवलं. खिडकी लावली. मग वाकून भिवराच्या कानात एक नाव सांगितलं.

“जोंधळ्याचं एक पोतं आत्ताच घेऊन जा,” ते म्हणाले. “आणि जरा घट्ट बसव.”

पाचव्या दिवशी टोपली रिकामी झाली. म्हातारे सरदार यमाजीराव तर दोन कुलपं मागत होते, पण तेवढी उरलीच नव्हती.

“कुणाकुणाच्या बंदुकीसाठी गेली गं?” गोंदाजीनं आनंदानं विचारलं. भिवरानं सांगितलं. गोंदाजी मटकन ऐरणीवर बसला. नशीब, ती थंड होती.

“अगं, वेशीबाहेर कसले घालवतात! आता तोफेच्या तोंडी देतील आपल्याला!”

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळ्या बंदुका तेलपाण्यासाठी लोहाराकडे आल्या. नवमीच्या सकाळी त्या देवीपुढे ओळीनं मांडल्या गेल्या. राजे पूजेला आले. सरदारांच्या वीस बंदुका उघड्याबोडक्या! एकविसावी राजांची, चांदीच्या दस्त्याची. तिच्या चापापासून नळीच्या टोकापर्यंत नुसती कुलपं लटकत होती.

“हे काय आहे?” राजांचा आवाज अगदी हळू झाला.

भिवरा पुढं झाली. “खपली, सरकार. वीसच्या वीस. अगदी स्वखुशीनं.”

“माझ्या बंदुकीला कुलूप कुणी घातलं? नावं सांग!”

“नावं नाही सांगणार, सरकार. शब्द दिलाय. पण सरदार वीस आहेत आणि कुलपंही वीस आहेत.”

वीस सरदार आपापले जोडे निरखू लागले.

“माझी भीती?” राजे खरोखरच चकित झाले होते. “यमाजीराव, तुम्ही तरी बोला!”

“सरकार,” यमाजीराव म्हणाले, “शिकारीत आपण बोलता बोलता मागं वळता. बंदूकही वळते.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तोंड उघडायच्या आत आम्ही आडवे झालेलो असतो, सरकार.”

राजांनी भिवराकडे रोखून पाहिलं. “हे सगळं माझ्यासमोर मांडताना तुला भीती नाही वाटली माझी?”

“वाटली ना, सरकार! म्हणून तर आधी कुलूप लावलं आणि मग समोर आले.”

राजे कुलपांनी लगडलेल्या बंदुकीकडे वळले. मग असे खो खो हसले, की पगडी घसरून कानावर आली. सरदारांनी चोरून एकमेकांकडे पाहिलं आणि तेही हसले.

राजांनी एका कुलपाची अंगठी आपल्या बोटात घातली आणि ते कुलूप ठेवून घेतलं. बाकीची त्यांनी आपल्या हातानं सरदारांना दसऱ्याची भेट म्हणून वाटली. राजाच्या हातची भेट नाकारतो कोण! शेवटच्या कुलपाला मात्र हैबतराव आणि यमाजीराव दोघेही झोंबले.

“सोडा, हैबतराव! मी एकटाच बिनकुलपाचा राहिलो, तर लोक काय म्हणतील?”

“आणि मला काय म्हणतील?”

“भिवरा,” राजे डोळे पुसत म्हणाले, “एक कुलूप कमी पडतंय गं.”

“मिळेल, सरकार. पण आता एका कुलपाला दोन पोती!”

राजे पुन्हा हसत सुटले. दोन्ही पोती त्यांनी स्वतःच्या कोठारातून दिली, आणि वर गोंदाजीच्या लोहारशाळेशेजारची पाच बिघे जमीन भिवराच्या नावानं इनाम करून दिली.